मग आम्ही आशीर्वादित नाही का?

प्रश्न एका भगिनीचा आहे आणि तो थोडक्यात असा. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून आहेत, उपचारांसाठी काढलेले कर्ज फिटत नाही, आणि थोरल्या मुलीचे शिक्षण मध्येच थांबले आहे. मंडळीत मात्र दर रविवारी कोणी ना कोणी उभे राहून साक्ष देते की प्रभूने आम्हांला आशीर्वादित केले, आमचे घर बांधून झाले, मुलाला परदेशात नोकरी लागली. त्या विचारतात: "मग आम्ही आशीर्वादित नाही का? आमच्या विश्वासात काही उणे आहे का? हल्ली उपासनेचा शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच मी उठून घरी जाते."

ताई, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तीस वर्षे नगर जिल्ह्यातील मराठी मंडळ्यांत पाळक म्हणून सेवा करताना उपासनेच्या शेवटी हात उंचावून तो आशीर्वाद मी दर रविवारी उच्चारला आहे, आणि तो उच्चारला जाण्याआधी मागच्या बाकावरून कोण उठून गेले याकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही, याची खंत तुमच्या पत्राने मला लावली. आधी तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. तुम्ही आशीर्वादित आहात, आणि आजारपण किंवा कर्ज पाहून कोणाचा विश्वास किती हे ठरवण्याचा अधिकार पवित्र शास्त्राने कोणालाही दिलेला नाही. तुम्हांला धीर यावा एवढ्याचसाठी मी हे म्हणत नाही. "आशीर्वादित" हा शब्द शास्त्रात ज्या अर्थाने येतो, त्या अर्थाने हे खरे आहे. तो अर्थ नीट समजावून सांगायला थोडा वेळ लागेल.

मराठी पवित्र शास्त्रात या विषयाचे दोन शब्द आहेत, "आशीर्वाद" आणि "धन्य". बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण मूळ भाषांत ते वेगळे आहेत. हिब्रूतील "बाराख" या क्रियापदाचा अर्थ आशीर्वाद देणे, तर पहिल्या स्तोत्राच्या आरंभी येणाऱ्या "अश्रे" या शब्दाचा अर्थ अमुक माणूस किती सुखी, किती भाग्याचा, म्हणजेच धन्य. नव्या करारातील ग्रीक भाषेतही "युलोगेओ" आणि "मकारिओस" असे दोन निराळे शब्द आहेत. "युलोगेओ"चा शब्दशः अर्थ भले बोलणे असा होतो. लॅटिनमध्ये आशीर्वादासाठी वापरला जाणारा शब्दही असाच, चांगले आणि बोलणे या दोन पदांचा बनलेला आहे, आणि आपल्या "आशीर्वाद" या शब्दातही "वाद" म्हणजे बोलणेच आहे. म्हणजे आशीर्वाद ही मुळात हाती येणारी वस्तू नव्हे. तो उच्चारलेला शब्द आहे. देव एखाद्या माणसाकडे पाहून त्याच्याविषयी भले बोलतो, आणि देवाचा शब्द पोकळ नसल्यामुळे तो त्या माणसाच्या आयुष्यात काम करू लागतो. त्या कामाची फळे कधी घरादारांत दिसतात आणि कधी वर्षानुवर्षे दिसत नाहीत, पण शब्द आणि फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवले, तर तुमच्या प्रश्नातील अर्धा गुंता सुटतो.

इथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण मराठी वाचकाला ती सहसा दिसत नाही. 103 व्या स्तोत्राच्या आरंभी दावीद आपल्या जिवाला परमेश्वराचा धन्यवाद करायला सांगतो. तिथे आपल्या भाषांतरात "धन्यवाद" असला, तरी हिब्रूत तेच "बाराख" क्रियापद आहे. देव माणसाला आशीर्वाद देतो आणि माणूस देवाला धन्य म्हणतो, या दोन्ही क्रियांना हिब्रू माणसाकडे एकच शब्द होता. आशीर्वादित असणे म्हणजे देवाशी अशा बोलाचालीच्या नात्यात असणे, आणि हे नाते अंथरुणाशेजारी बसूनही टिकते. पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की रात्री यजमानांची कूस बदलताना तुम्ही दोघे एखादे स्तोत्र म्हणता. ताई, ज्या घरात हे घडते त्या घराला आशीर्वाद नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तरीही जुना करार भाकरी, पाऊस, लेकरे आणि जमीन यांना आशीर्वाद म्हणतो, हे मी लपवणार नाही. जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्या इस्राएलाला शेतात आणि नगरात आशीर्वाद आहे, त्याच्या टोपलीला आणि पीठ मळायच्या काथवटीलाही आशीर्वाद आहे. काही उपदेशक हे सारे केवळ आत्मिक अर्थाने घ्यावे असे सांगतात, ते मला पटत नाही. देवाने घडवलेले जग चांगले आहे, पोटभर जेवण चांगले आहे, आणि ज्याला ते मिळाले त्याने त्याबद्दल देवाची उपकारस्तुती करावी हे योग्यच आहे. आमच्याकडे कापणीच्या सणाला वेदीपुढे बाजरीची पोती, भोपळे, अंडी, कोंबड्या येतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि एकच अंडे पुन्हा पुन्हा विकत घेऊन पुन्हा पुन्हा अर्पण केले जाते. त्या आनंदात मला देवाचा हात दिसतो. साक्ष देणाऱ्या त्या कुटुंबांचाही राग धरू नका. घर झाल्याचा आनंद त्यांनी देवापुढे आणला, यात त्यांची चूक नाही.

चूक होते ती हा हिशेब उलटा मांडताना. देव आशीर्वाद देतो तेव्हा कधी घर होते, हे खरे आहे. पण ज्याचे घर झाले नाही त्याला आशीर्वाद नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि तो काढू नये म्हणून शास्त्राने जागोजाग बजावले आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र हाच हिशेब मांडत होते, आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाने ठपका ठेवला तो त्या मित्रांवर. 73 व्या स्तोत्राचा कर्ता दुर्जनांची भरभराट पाहून घसरणीला लागला होता, आणि ते त्याने न लाजता लिहून ठेवले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, तेव्हा प्रभू दोन्ही नाकारतो. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न तो लूकच्या 13 व्या अध्यायात स्वतःच काढतो आणि स्वतःच "नाही" म्हणून उत्तर देतो. यजमानांच्या आजाराबद्दल तुमच्या घरात कोणी पापाची चौकशी करत असेल, तर त्यांना हे दोन उतारे वाचायला द्या.

आता "धन्य" या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाचे वेगळेपण इथेच सर्वांत स्पष्ट दिसते. "मकारिओस" हा शब्द जुने ग्रीक लोक मुख्यतः देवतांसाठी आणि कष्टांची झळ न लागलेल्या सुखवस्तू लोकांसाठी वापरत. आपला "धन्य" हा शब्दही "धन" या शब्दावरूनच आला आहे. धन्य म्हणजे मुळात धनाचा लाभ झालेला. अशा शब्दाला हाती घेऊन प्रभू येशू डोंगरावर बसतो आणि म्हणतो, "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." मराठीत हे वाक्य सावकाश वाचले की त्याचा धक्का जाणवतो, कारण ज्यांच्याजवळ काही नाही त्यांनाच तो धनाचा शब्द लावतो. लूकमध्ये तर "आत्म्याने" हाही शब्द नाही, आणि तिथे तो समोर बसलेल्या माणसांनाच "अहो दीनांनो, तुम्ही धन्य" असे म्हणतो. इथे दीन यासाठी वापरलेला ग्रीक शब्द कष्ट करून पोट भरणाऱ्या गरिबाचा नाही. दुसऱ्यापुढे हात पसरल्यावाचून ज्याचे चालत नाही, अशा निष्कांचनाचा तो शब्द आहे.

मत्तयाच्या या वचनांत काळाकडे लक्ष द्या. पहिले धन्यवचन आणि आठवे धन्यवचन यांत "राज्य त्यांचे आहे" असा वर्तमानकाळ आहे, आणि मधल्या सहांत "सांत्वन करण्यात येईल", "ते तृप्त होतील" असा भविष्यकाळ आहे. शोक करणाऱ्याचा शोक आजच संपला असे प्रभू म्हणत नाही, आणि भुकेल्याला तुझे पोट भरलेलेच आहे असेही सांगत नाही. दोन्ही टोकांना "आहे" आणि मध्ये "होईल" अशी ही रचना आहे, आणि विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य या दोहोंच्या मधल्या जागेत जाते. म्हणून रडणारा माणूस रडत असतानाच धन्य असू शकतो. त्याचे रडणे चांगले असते असा त्याचा अर्थ नव्हे. देवाचे राज्य त्याच्या बाजूने उभे राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. या वचनांचा दुरुपयोग होताना मी पाहिला आहे. तुम्ही दीन आहात म्हणजे धन्यच आहात, तेव्हा मजुरी कमी मिळाली तरी तक्रार करू नका, असे सांगणे ही शास्त्राची विटंबना आहे. आमच्या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज बहुतांशी एकोणिसाव्या शतकात महार आणि मांग समाजांतून प्रभूकडे आले. त्यांच्यासाठी "तुम्ही धन्य" हा शब्द कधीही गप्प बसवणारा नव्हता. गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला देव आपल्या मेजावर बोलावतो, हे त्यातून त्यांना ऐकू आले आणि त्यांनी पोरांना शाळेत घातले. ज्या लूकमध्ये दीनांना धन्य म्हटले आहे, त्याच उताऱ्यात चारच ओळींनंतर "तुम्हा धनवानांची केवढी दुर्दशा" असेही म्हटले आहे, हे विसरून चालत नाही.

दुसरा दुरुपयोग तुम्हांला अधिक जवळचा असेल. अर्पण द्या म्हणजे देव अनेक पटींनी परत करील, कर्ज असेल तरी विश्वासाने द्या, असे सांगणारे उपदेश आज मोबाइलवर सतत ऐकायला मिळतात, आणि त्यांचा आधार सहसा मलाखीच्या 3 ऱ्या अध्यायातील वचन असते, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग आणा म्हणजे देव आकाशकपाटे उघडून आशीर्वादाचा वर्षाव करील असे सांगणारे. ते वचन खरे आहे. पण त्याच अध्यायात पाच वचने आधी देव मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना आणि विधवा, अनाथ व परके यांच्यावर जुलूम करणाऱ्यांना जाब विचारतो, आणि नियमशास्त्रात तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी म्हणजे मंदिरसेवा करणारे लोक, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून ठेवलेला होता. आकाशकपाटे उघडण्याचे वचन गरिबाच्या ताटाशी बांधलेले आहे. ज्या घरात औषधे उधारीवर येतात, त्या घराने दशमांशासाठी आणखी कर्ज काढावे असे सांगणारा माणूस ते वचन उलट्या बाजूने वाचतो. तुम्ही तसे काही केले असेल तर ते थांबवा, आणि आपल्या पाळकांना व पंचांना कर्जाचा नेमका आकडा सांगा. मदत मागणे हे अविश्वासाचे लक्षण मुळीच नाही, आणि तुमच्यासाठी पुढे येणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

कॅथोलिक बंधुभगिनींच्या परंपरेत "धन्य" ही संतपदाआधीची अधिकृत पदवीही आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू 1597 साली जपानमधील नागासाकी येथे आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. 1627 मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि 1862 मध्ये संत. मी प्रॉटेस्टंट मंडळीचा पाळक आहे, संतांविषयीची आमची शिकवण वेगळी आहे, तरी या एका गोष्टीपुढे मी आदराने थांबतो. मराठी मुलखातल्या या माणसाला जगभरच्या त्यांच्या मंडळीने "धन्य" म्हटले, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे त्याची मालमत्ता नव्हती, त्याचा क्रूस होता. मरियेची गोष्टही अशीच आहे. तिची नातलग अलीशिबा तिला स्त्रियांमध्ये आशीर्वादित म्हणते आणि तिच्या विश्वासाबद्दल धन्यही म्हणते, लूकच्या पहिल्या अध्यायात हे दोन्ही शब्द जवळजवळ येतात; आणि पुढच्याच अध्यायात वृद्ध शिमोन त्याच मरियेला सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार भोसकून जाईल. याकोबाने यब्बोक नदीच्या काठी रात्रभर झुंज देऊन आशीर्वाद मिळवला आणि सकाळी तो लंगडत निघाला, हेही आठवावे. लंगडणे आणि आशीर्वाद दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी होते.

आशीर्वादाचे आणखी एक अंग आहे. अब्राहामाला देव म्हणतो की मी तुला आशीर्वाद देईन, आणि लगेच पुढे म्हणतो की तू आशीर्वाद हो, तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. आशीर्वाद माणसापाशी येऊन थांबत नाही, पाटाच्या पाण्यासारखा तो त्याच्यातून पुढच्या वाफ्यात जातो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातील दुष्काळाच्या काळात गेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत त्यांना वैधव्य आले, आणि त्यांच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी, 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तुमच्या माझ्या मोजपट्टीने या बाईला आशीर्वादित कोण म्हणेल? पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुलींना त्यांनी आणले ते केडगावला, आपल्या मुक्तिसदनात, आणि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हिब्रू व ग्रीक भाषांवरून स्वतः केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. उपासमार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या मुलींपर्यंत आशीर्वाद पोहोचला तो त्यांच्याच हातांनी.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. ज्या आशीर्वादाआधी तुम्ही उठून जाता, तो जुन्या करारातल्या "गणना" या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातला आहे: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व तुझ्यावर कृपा करो, परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो व तुला शांती देवो." हिब्रूत ही तीन वाक्ये अनुक्रमे तीन, पाच आणि सात शब्दांची आहेत, एकेक पाऊल वाढत जाणारी. साऱ्या इस्राएल लोकांवर उच्चारायचा हा आशीर्वाद असूनही त्यात "तुला" असे एकवचन आहे. घर, नोकरी, पीक यांचा त्यात उल्लेखच नाही. देवाचे मुख आपल्याकडे वळलेले असणे, हेच त्यात मागितले आहे. आणि पुढच्याच वचनात देव म्हणतो की याजकांनी माझे नाव लोकांवर ठेवावे, म्हणजे मी त्यांना आशीर्वाद देईन. म्हणजे हात माझा असतो, आशीर्वाद माझा नसतो. मी कोणाला तो देऊ शकत नाही, तसा कोणाचा अडवूही शकत नाही. 1979 साली यरुशलेमेत हिन्नोमच्या खोऱ्याकाठी एका जुन्या थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन लहानशा गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. त्या ख्रिस्तापूर्वी सुमारे सहाशे वर्षांच्या असाव्यात असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोणीतरी हे शब्द अंगावर बाळगले होते, आणि ते थडग्यापर्यंत त्याच्याबरोबर गेले.

माझ्या आधीच्या मंडळीत एक म्हातारी आजी होती. आशीर्वादासाठी मी हात उंचावले की बाकी सगळे मान खाली घालत. ती मात्र लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पुढे धरून उभी राहायची, खळ्यात कोणी धान्य ओतणार असल्यासारखी, आणि "आमेन" म्हणून झाल्यावर पदराची टोके जुळवून कमरेला खोचायची. मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली की घरी नातू तापाने पडला आहे, त्याच्यासाठी नेते. तिचे उत्तर मी पाठ्यक्रमात शिकलेल्या कोणत्याही व्याख्येहून मोलाचे मानतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सायंकाळची प्रार्थना झाली की लेकरे वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून "बेसांव" मागतात, आणि मोठी माणसे त्यांना तो देतात. आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांत ही रीत फारशी नाही, आशीर्वाद हे पाळकाचेच काम असे आपण धरून चाललो आहोत. तसे नाही. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सर्व विश्वासणाऱ्यांना सांगतो की आशीर्वाद द्या, कारण त्यासाठीच तुम्हांला बोलावले आहे. तेव्हा येत्या रविवारी शेवटपर्यंत थांबा. घरी गेल्यावर हातपाय धुऊन यजमानांच्या उशाशी बसा, त्यांच्या कपाळावर हात ठेवा आणि तीच तीन वाक्ये त्यांचे नाव घेऊन सावकाश म्हणा, मग मुलीला जवळ बोलावून तिच्यावर म्हणा. यजमानांना बोलता येत असेल, तर त्यांच्याकडूनही ती आपल्यावर म्हणवून घ्या. त्यांचा उजवा हात उचलत नसेल तर तुम्हीच तो उचलून आपल्या डोक्यावर ठेवा.